मूठताईने अडवलेली पाणीपाळी

आमच्या गल्लीत मध्यंतरी बातमी पिकली, की समोरची मूठताई लोकांच्या शेतातली माती चोरते आणि त्या मातीने गच्चीवरच्या कुंड्या भरते. कुंड्यांतले टोमॅटो पाहिले की कुणालाही पटावं. पण खोटं ते खोटंच. ती शेतीखात्यात नोकरीला. शेतात गेली की वीतभर खड्डा करायचा, मूठभर माती काढून दाबायची आणि मूठ उघडायची. गोळा झाला तर पाणी नको, माती विस्कटली तर द्या. मग ती माती पुन्हा खड्ड्यात. परतताना हातातल्या पिशवीत असतो तो तिचा जेवणाचा डबा!

तिचं काम सांगायला सोपं, निभवायला महाकठीण. माळावर पंपाने चढवलेलं पाणी पाटातून आलं, आणि एकर-अर्ध्या एकराच्या झाडून सगळ्या धन्यांनी भातच लावला. माळाची जमीन ती, कितीही पाजा, तहानलेलीच. वरच्या अंगाचे लोक मनसोक्त भिजत. पाटाच्या शेवटच्या अठरा घरांना मात्र ओला तळ तेवढा दिसे. मूठताई घरोघर सांगत फिरली, "भात खाण्यापुरता ठेवा. बाकीत मिरची लावा, घेवडा लावा, मका लावा." लोक चहा पाजत, मान डोलवत आणि पुन्हा भातच लावत.

शेवटी तयार झाले ते तिचे मामेसासरे. रोज तिच्या हातचं जेवून नाही कसं म्हणणार? त्यांनी अर्ध्या रानात मिरची लावली. खालचे अठरा जण म्हणाले, "मामांची जगली तर आम्हीही लावू." म्हणजे सगळं घोडं त्या मिरचीपाशी अडलं.

आता गोम अशी, की पाणी वाफ्यात तरंगताना दिसलं नाही तर ते दिलं, असं भाताचा माणूस मानतच नाही. आणि पाटाच्या पाण्याची आपली पाळी सोडणं म्हणजे वाढल्या ताटावरून उठणं. मामांची सहा तासांची पाळी भर दुपारी आली. ते फावडं घेऊन हजर. मिरची पाहिली आणि कळवळले.

"सूनबाई, माना टाकल्या गं हिने!"

"उन्हाने टाकल्यात, मामा. तुम्ही नाही का दुपारी आडवे होत?"

"मी घोरतो. मरत नाही!"

"तीही मरत नाही." तिने माती काढून दाबली. घट्ट गोळा. "हे बघा. आत्ता पाणी भरलंत तर मुळं कुजतील."

"पाळी माझी, पाणी माझं!"

"तुमचंच आहे. खाली जाऊ द्या." असं म्हणून ती शेतात पाणी घ्यायच्या दारावर चक्क बसली.

मामांनी फावडं उगारलं. "ऊठ म्हणतो ना!" बांधावरचे लोक खी खी हसले. बाई हलली नाही. पण तिलाही ठाऊक होतं, ही मिरची गेली तर अठरा घरं पुन्हा भाताकडे वळणार, आणि मामांच्या पंगतीला बसायची सोय उरणार नाही. मामांची पाठ वळली की ती चोरून पुन्हा माती दाबून बघे. दोनदा बघितली.

ऊन कललं. आधी बांधाकडेच्या ओळीने मान वर केली, मग पलीकडच्या ओळीने, मग सगळ्या रानाने. तेवढ्यात सगळ्यात खालचा शेतकरी धापा टाकत वर आला. त्याच्या दाराशी इतकं पाणी कधी पोचलंच नव्हतं, वर पाट फुटला की काय ते बघायला आला होता बिचारा!

मामांनी त्या हंगामात मिरचीचे सात तोडे घेतले. पुढच्या हंगामात अठरापैकी चौदा जणांनी भात कमी केला. आता सकाळी माळावर जावं तर बांधाबांधावर माणसं मुठी आवळून उभी! नवख्याला वाटेल, हाणामारीची तयारी चाललीय. आमची गल्ली तर तिचं नाव कॉलर ताठ करून सांगते, माती चोरते म्हणणारे सगळ्यात मोठ्याने.

परवा पाणीसंस्थेच्या बैठकीत अध्यक्षांनी मामांची पाठ थोपटली. मामांची छाती फुगली. "त्या दिवशी पाळी सोडायचं मीच ठरवलं," ते म्हणाले.

सगळ्यांच्या माना मूठताईकडे वळल्या. ती म्हणाली, "हो ना, मामा. तुम्हीच ठरवलंत. मी आपली दारावर बसले होते, आणि तुम्ही फावड्याने मला वारा घालत होतात."