एअरची दांडी

डॉक्टरांची मोटरसायकल पुन्हा ढकलतच आली. हँडल कंपाउंडर डोमाजीच्या हातात, मागून रेटा देणारे डॉक्टर आणि त्यांच्या खांद्याला औषधांची पेटी. मी एका सायकलची चेन बसवत होतो. मान वर न करता विचारलं, "प्लग?"

"प्लग," डॉक्टर म्हणाले.

काढून पाहिला. काजळीनं काळाकुट्ट. तोच प्लग पुसून पुसून मला त्याचा वीट आला होता.

ही गोष्ट ब्रह्मपुरीची, पन्नासच्या दशकातली. जिल्हा तेव्हा चांदा. लढाईच्या काळात मी मिलिटरी वर्कशॉपात मोटरसायकलींचं काम शिकलो. लढाई संपल्यावर त्याच गाड्या लिलावात निघाल्या आणि माझा पाठलाग करत इथवर आल्या. त्यांना डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. एकच सिलिंडर, पाचशे सीसी, वजन म्हशीचं. डॉक्टरांची तसलीच एक, दवाखान्याच्या मालकीची. दवाखान्याला जीप नव्हती. वैनगंगेकाठच्या गावांना डॉक्टर आणि डोमाजी हिच्यावरूनच जायचे.

खोट गाडीत नव्हती, रविवारात होती. दर रविवारी माझ्या शेडमध्ये तिघांची बैठक भरायची: डॉक्टर, जंगलखात्याचे एक रेंजर आणि राइस मिलचे मॅनेजर. तिघांकडे डिस्पोजलच्या गाड्या. मॅग्नेटो बरा की बॅटरी, टाकीजवळचा हाताचा गिअर जाऊन पायाचा कधी आला, कुठल्या मॉडेलला पुढे कसला फोर्क, यावर संध्याकाळपर्यंत भांडण. रेंजरांकडे जुनी विलायती मासिकं होती, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. मी आपला पाने-पकडी धुवत बसायचो. आठवडाभर गाड्या सुधारायच्या आणि रविवारी त्या बिघडवायचे बेत ऐकायचे.

इथं थोडं समजावून सांगतो. इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळून जाते. मिसळायचं काम कार्बोरेटरचं. त्या गाड्यांत हवेसाठी वेगळी झडप असे आणि ती हलवायला हँडलवर एक लिव्हर. आम्ही त्याला एअरची दांडी म्हणायचो. थंडीत गाडी सुरू करताना तेवढी हवा कमी करायची, मग दांडी पूर्ण उघडायची आणि विसरून जायची. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर तिला हात लावायचंही कारण नाही.

रेंजरांचं गणित निराळं. "उन्हात हवा फुगते, म्हणून जास्त जाते. ऊन चढलं की दांडी निम्मी बंद!"

मी म्हणालो होतो, "साहेब, फुगलेली हवा पातळ असते. तिच्यात आधीच दम कमी. तीही अडवलीत तर चूल धुरकटायचीच."

डॉक्टरांनी मान डोलावली होती. पण रस्त्याला लागले की त्यांचा हात दांडीवर. पेट्रोल जास्त, हवा कमी, प्लगवर काजळी आणि गाडी रानात उभी.

त्या दिवशी डॉक्टर हातपाय धुवायला विहिरीवर गेले, तसा डोमाजी माझ्याजवळ येऊन बसला. एरवी बडबड्या माणूस, त्या दिवशी चेहरा उतरलेला.

"मिस्त्रीभाऊ, काईतरी करा जी. हैजा आहे तिकडं. सलाइनच्या बाटल्या आमच्याजवळ, अन् आमी वाटेत प्लग पुसून राह्यलो. पोचलो तं दोघं गेले होते."

"साहेबांना सांगत काऊन नाई?"

"सांगतलं न. साहेब वाईट नाई. पन हात थांबत नाई त्याइचा. उद्या फिरून जाच आहे. आनखी लोक पडले आहेत तिथी."

विहिरीवर डॉक्टर तोंडावर पाणी मारत होते आणि मारतच राहिले होते. माणूस दमला होता, हे लांबूनही दिसत होतं. त्यांना पुन्हा गणित समजावण्याचं त्राण माझ्यात नव्हतं.

"गाडी ठेवून जा," मी म्हणालो.

ते गेल्यावर कार्बोरेटर उघडला आणि हवेची झडपच काढून टाकली. म्हणजे हवेची वाट कायमची मोकळी. वरचं भोक एका स्क्रूनं बुजवलं. दांडीची केबल टाकीखाली एका स्प्रिंगला अडकवली, म्हणजे दांडी फिरवताना हाताला ताण पूर्वीसारखाच लागावा. दांडी दिसायला तीच, पण आता ती कशालाच जोडलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते गेले ते वेळेवर पोचले. पुढे पटकीची साथ ओसरेपर्यंत ती गाडी माझ्याकडे ढकलत आली नाही. डोमाजी सांगून गेला, "साहेब रस्ताभर दांडी हलवतेत, अन् गाडी घोड्यावानी पळते! तिघं वाचले भाऊ, एक तं लेकुरवाळी होती." त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

रविवारी डॉक्टर बैठकीत सांगू लागले, "नाल्यात पाव बंद, चढावर पूर्ण उघडी. प्लग कसा स्वच्छ!" मी मान खाली घालून हसू दाबलं. गणित सांगणारे रेंजर स्वतः एरवी दांडीला हात लावत नसत; हे ऐकून पुढच्या आठवड्यापासून त्यांचीही गाडी ढकलत यायला लागली.

वर्षभरानं डॉक्टरांची बदली झाली. गाडी नव्या डॉक्टरांसाठी इथंच राहणार होती. निरोप घ्यायला आले आणि जाता जाता म्हणाले, "मिस्त्री, दांडी आहे तशीच राहू द्या. जोडू नका."

मी गार पडलो. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच रविवारी. कार्बोरेटर उघडल्याशिवाय मला चैन पडतं का?"

"मग रेंजरसाहेबांना ते पाव बंद, पूर्ण उघडी..."

"त्यांना कुणाला सलाइन लावायला जायचं नव्हतं."

मला हसू आलं. ते मात्र हसले नाहीत. दांडी इकडून तिकडे फिरवत राहिले.

"त्या दोघांनंतर," ते म्हणाले, "मला या हाताचा भरवसा राहिला नव्हता. तो इथं गुंतलेला बरा होता."

गाड्या मी पुढं पुष्कळ दुरुस्त केल्या. हाताखालच्यांना एवढंच सांगायचो: मालक शंका काढतोय तोवर काम बाकी आहे. सगळं कळूनही तो गप्प बसला, की दुरुस्ती झाली समजा.