पैगंबरचरित्राचं पारायण

माझी जीभ घसरायला निमित्त लागत नाही. नव्वदनंतरची ती वर्षं, पेपर उघडला की दंगल. सांगलीच्या आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत मी एकदा पेपर आपटला आणि म्हणालो, "ह्या लोकांचं काही कळत नाही बुवा!" शेजारीच आमचे भूगोलाचे सर बसले होते. 'ह्या लोकां'पैकीच. दहा वर्षांचा माझा जिवाभावाचा माणूस! ते खडू उचलून तासाला गेले. दुसऱ्या दिवशी माधवनगरहून सायकलवर येताना एक पुस्तक घेऊन आले आणि माझ्यापुढं ठेवलं. पैगंबरांचं चरित्र, हल्लीच्या मराठीत लिहिलेलं.

"कळत नाही ना? मग वाचा. वाचून झालं की बोलू."

आणि खरंच बोलणं बंद केलं. मला शाळेत करमेना. माफी मागावी, तर आमची मान ताठ. पुस्तक उघडावं, तर पहिल्याच पानावर आपली चूक निघायची. दिलं फळीवर टाकून.

तेवढ्यात वडूजहून आई आली. तिला पोथीशिवाय दुसरं पुस्तक ठाऊक नाही. मी शाळेतून येऊन बघतो, तर चरित्र चौरंगावर! वर हळदकुंकू, फुलं, शेजारी उदबत्ती, आणि आई ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचतेय.

"अगं आई, काय केलंस हे!"

"काय क्येलं? सत्पुरुषाचं चरित्र हाय न्हवं? सात दिसांचं पारायण धरलंय. मधी उठीवलंस तर बघ!"

मी कपाळावर हात मारला. पुस्तक दुसऱ्याचं, तेही त्यांच्या पैगंबरांचं, आणि पानापानावर आईच्या बोटाचं कुंकू! मैत्री मी जिभेनं घालवली होतीच, उरलीसुरली आई कुंकवानं घालवत होती.

रोज जेवताना तिचं निरूपण चालायचं. "ह्यात चमत्कार लय कमी हाईत रं. पर मानूस लय दिसतोय. पोरकं प्वार, शेरडं राखली. मोठं झालं तरी आपली वहाण आपण शिवायचं, घरातलं काम करायचं. आन तू? तुला पान्याचा तांब्या हातात द्यावा लागतोय!" त्या आठवड्यात मी माझं ताट स्वतः घासलं. बायको म्हणाली, "सासूबाई, अजून एक सप्ताह लावा की."

सातव्या दिवशी उद्यापन. ज्याची पोथी त्याला पहिला मान, असा आईचा नियम, म्हणून आमंत्रणाला मलाच पिटाळलं. सरांच्या दारात उभं राहून मी कसंबसं म्हणालो, "आईनं पुरणपोळीला बोलावलंय." आईचं नाव निघाल्यावर ते नाही म्हणाले नाहीत.

आले. चौरंगावरचं पुस्तक उचलून एकेक पान उलटू लागले. मी पुढं झालो.

"सर, ते कुंकू..."

"असू दे. आमच्या घरात इतकं मन लावून कुणी वाचलं नाही हे. तुम्हाला कसं वाटलं?"

"छान आहे. भाषा ओघवती आहे."

"आवं मास्तर, कसली भाषा! हात बी लावला न्हाई त्यानं," आई म्हणाली.

बायको खो खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी माझ्याकडं बघितलंच नाही. आईला विचारलं, "मावशी, तुम्हाला काय आवडलं?"

"ज्यांनी छळलं, गाव सोडाया लावलं, त्यांचंच गाव जिंकून आलं की हो ते. वाटलं, आता एकेकाला बघून घेत्यात. तर माफी दिली! पोथी असती तर म्हनलं असतं, देव हाय, देईल. पर ह्यात पार मानसावानी दावलंय, म्हून त्ये पान दोनदा वाचलं."

सरांनी पुस्तक मिटलं. मग माझ्याकडं वळले.

"मावशीनं दोनदा वाचलंय म्हटल्यावर मला माफी द्यावीच लागणार," ते म्हणाले. "पण तुम्ही मागा तरी आधी!"

मी मागितली. पहिल्यांदा नुसतं पुटपुटलो, म्हणून पुन्हा मागावी लागली.