पाठमोरी कोडी

दुसरं कोडंही कोरं गेलं तेव्हा न्हावीकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. शाळेच्या भिंतीवर बुद्धिबळाचा मोठा पट टांगलेला. मिनिटाला एक कोडं, अशी दहा. प्रत्येकात दोन चालींत मात. ज्याची जास्त सुटतील त्याला मुलांना शिकवायचं काम. उमेदवार दोघंच, काका आणि बुद्धिबळ क्लबचे चिटणीस. बरोबरी झाली तर काम चिटणीसांना, कारण ते शिकलेले.

काकांना हे काम मिळायलाच हवं होतं. बावीस वर्षं उभ्यानं कात्री चालवून गुडघे पार कामातून गेलेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, यापुढे बसून जमेल तेवढंच करा. आणि केस कापण्यापलीकडे काकांना एवढी एकच गोष्ट येत होती. दुकानात मागच्या भिंतीवर पट होता. बाकावर ताटकळणारं गिऱ्हाईक त्यावर कोडं मांडायचं आणि काका दाढीचा फेस सुकायच्या आत उत्तर सांगून मोकळे. खुर्चीतला बिचारा म्हणायचा, "घोडा नंतर मारा काका, आधी माझा कान सांभाळा."

मग आजच डोकं का चालेना? शेजारी चिटणीसांची पेन्सिल भराभर धावत होती. "काय काका, पेन्सिलीला धार हवी का?"

तिसरं कोडं लागलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकी वर्षं त्यांनी पट सरळ बघितलाच कुठे होता? हातात कात्री, समोर आरसा. बघायचं ते आरशात. काकांचं डावं म्हणजे आपलं उजवं, हे गिऱ्हाइकंच समजून घ्यायची.

मानेमागचे केस दाखवायचा छोटा आरसा खिशात होता. काकांनी खुर्ची फिरवली, पटाकडे पाठ केली आणि आरसा डोळ्यांसमोर धरला.

"मॅडम, हे इथे भांग पाडायला आलेत का?" चिटणीस म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी घड्याळावरची नजर काढली नाही. "पटाकडे तोंड करा असा नियम नाही. वेळ मात्र थांबणार नाही."

तिसरं सुटलं. चौथं, पाचवं, पार नवव्यापर्यंत. आरशात डावं दिसलं की कागदावर उजवं लिहायचं, हे काका दरवेळी मनाशी घोकत होते.

दहाव्यात दोन हत्ती दोन कोपऱ्यांत. एकानं मात, दुसऱ्यानं नुसताच शह. काकांनी लिहिलं, डावा हत्ती. हे उलटवून लिहिलं, की दिसलं तसंच? आठवेना. दहा सेकंद उरली. ते वळायला गेले तर गुडघा अडकला. दात-ओठ खाऊन, टेबल धरून वळलेच. पट सरळ दिसला. डाव्या हत्तीनं शह दिला तर राजा आरामात निसटत होता. काकांनी खोडलं, 'उजवा' लिहिलं, आणि घंटा झाली.

चिटणीसांची सात बरोबर, काकांची आठ.

"खोडाखोड आहे," चिटणीस म्हणाले.

"घंटेआधीची आहे. माझ्यादेखत केलीय," बाई म्हणाल्या. "काका, सोमवारपासून या. आठवड्याला चार दुपारी, बसून शिकवा."

बाहेर ओसरीवर बायको जीव मुठीत धरून बसली होती. काकांनी सगळं सांगितलं तशी तिनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "झालं ते झालं. पण पोरांना तरी सरळ तोंड करून बसवा. नाहीतर आयाबाया माझ्याकडे भांडायला यायच्या."