वास माझ्या तोंडाला होता

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी नदीतल्या कोंडाचा विषय काढला की मला शेतात काहीतरी काम आठवायचं. आता लिहायला बसलो तरी तीनदा उठलो. एकदा गाईला पाणी दाखवलं, दोनदा उगाच फाटक बघून आलो.

सुप्याच्या धरणाच्या खालच्या अंगाला काळी नदीत एक कोंड आहे, खोल, संथ आणि तळ दिसेल इतका नितळ डोह. उन्हाळ्यात भाताची कामं नसली की आम्ही गडी तिथं पैज लावायचो, पाण्याखाली कोण जास्त वेळ बसतो याची. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या घरी दिवसभर लाकडं फोडायची. बुडणारा तळाशी झाडाची मुळी धरून बसायचा. काठावरचा एक ते दहा मोजायचा आणि दर दहाला पाण्यात धोंड्यावर धोंडा आपटायचा. तो ठोका खाली थेट कानात घुसतो. बुडायचा माझा शेजारी, ठोकायचो मी. दोघांची पन्नाशी आली होती, तरी खोड जात नव्हती.

रामनगरच्या एकानं सोळा ठोके काढले. आमचे बाराच. मला ते झोंबलं. लोहाराचा भाता बघून मला युक्ती सुचली: बुडण्याआधी वीस श्वास भराभर भरायचे आणि सोडायचे. पहिल्याच दिवशी चौदा झाले.

"डोसकं हलकं हुतंय रे. बोटांना मुंग्या येत्यात," तो म्हणाला.

"म्हंजे भाता बरोबर लागलाय. उद्या तीस मार. रामनगरवाल्याला तुझ्या दारात लाकडं फोडायला लावू."

"फोडंल की. पण तुझी वैनी त्याला जेवायला घालंल व्हय? मलाच घालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तीस भाते मारून तो खाली गेला. एरवी दहाव्या ठोक्यानंतर त्याचं पोट आतून उचकायचं, ते वरून दिसायचं. त्या दिवशी काहीच नाही. मी खूश. चौदा, पंधरा, सोळा. सतराव्याला मुळीवरचा हात सुटलेला दिसला. मला वाटलं, आता वर येईल. मी मोजतच राहिलो. अठरावा ठोका मारला आणि मग उडी घेतली.

ओठ जांभळे पडले होते. तोंडात फुंकत राहिलो, तेव्हा कुठं एक घरघर आली. जीपनं दांडेलीचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "दारू प्यायलाय का हा?"

काजूच्या ताज्या दारूचे, हुर्राकाचे दिवस. वास येत होता खरा, पण तो माझ्या तोंडाला होता. मी म्हणालो, "व्हय, प्यालाय." मागं त्याची बायको उभी होती.

तो जगला. जुनं सगळं आठवतं, नवं काही टिकत नाही. सकाळी काय खाल्लं ते दुपारी माहीत नसतं. पुढं दुसऱ्या एका डॉक्टरांना मी आडून विचारलं. ते म्हणाले, जीव घुसमटतो तो अंगातला खराब वायू साठल्यामुळं. भाते मारले की तोच आधी निघून जातो. मग प्राणवायू संपत आला तरी घुसमटत नाही, माणूस न कळताच बेशुद्ध पडतो. पोट का उचकलं नाही, ते मला तेव्हा कळलं.

आणि त्याच्या बायकोनं त्याला शेवटपर्यंत एकच ऐकवलं. मी ओट्यावर चहा पीत असायचो आणि आतून आवाज यायचा, "दारू पिऊन पाण्यात उतरतंय कोण? माझ्या जल्माचं वाटोळं केलंत!"

त्याला त्या दिवसाचं काहीच आठवायचं नाही. तरी तो मान खाली घालायचा. "चुकलं माझं. आता न्हाई पिणार."

दर वेळी मी ठरवून जायचो. वाक्य तयार असायचं. ती बाहेर यायची, म्हणायची, "भावजी, तुम्ही हाय म्हणून बरं. तेवढं येऊन बसता." मी कप खाली ठेवायचो आणि पावसाचं काहीतरी बोलून उठायचो.

गेल्या वर्षी ती वारली. ते त्याच्या ध्यानात राहत नाही, वर्षानुवर्षं ऐकलेली बोलणी तेवढी मुरली आहेत. तो रोज मला विचारतो, "ती कुठाय? तिला सांग, मी सोडली." मी त्याला सांगितलं एकदा, सगळं, भात्यापासून. त्यानं ऐकलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं.

वाक्य अजून तसंच आहे.

वैनी, तो प्याला न्हवता. भाता मी शिकवला, मोजत मी हुतो, प्यालो मी हुतो. त्याला बोलू नका. मला माफ करा.