हिवाळा आधी, लढाई नंतर

जाधव सर अंतर घोड्यावर मोजायचे. विक्रोळी ते मुलुंड अर्धी सकाळ. विक्रोळी ते कांदिवली, वाटेत बदली घोडा मिळाला तर, जेवणाच्या वेळेपर्यंत. रिक्षावाल्यालाही ते हेच सांगायचे. स्वतः सर आयुष्यात एकदाच घोड्यावर बसले होते, माथेरानला. दहा पावलांवर उतरले आणि उरलेलं संशोधन पायी करायचं ठरवलं.

पोटासाठी त्यांनी कॉलेजात अभ्यासक्रमातला इतिहास शिकवला. बाकीचा सगळा वेळ ते मध्य आशियाच्या गवताळ मैदानात होते. आठेकशे वर्षांपूर्वी तिथे घोडे-मेंढ्या घेऊन फिरणारे किपचाक नावाचे लोक होते. त्यांच्यावर सर पुस्तक लिहीत होते. त्यासाठी फारसी शिकले, रशियन शिकले. पासपोर्ट मात्र काढायचा राहिला. कुठल्याही टोळीचं नाव निघालं की त्यांचं वाक्य ठरलेलं असे, "राजा कोण ते नंतर बघू. हिवाळा कुठे काढला ते सांगा." सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरचा माणूस नव्या टॉवरची रंगीत चित्रं दाखवत होता, तेव्हा सरांनी त्यालाही तेच विचारलं. इमारत उभी राहीपर्यंत माणसांनी राहायचं कुठे? त्या सभेतला तो एकमेव कामाचा प्रश्न होता, असं सेक्रेटरी अजून म्हणतात.

माझं घाटकोपरला डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, अहवाल, आणि दुकानदार गिऱ्हाइकांना वाटतात ती कॅलेंडरं. सर एकेक प्रकरण कापडी पिशवीतून आणायचे आणि मी टाइप करायचे. वीस वर्षांचं काम होतं. मध्ये त्यांची बायपास झाली, तरी प्रकरण आठवं ठरल्या दिवशी आलं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, प्रकाशन समारंभाची साडीसुद्धा घेऊन ठेवली होती.

पुस्तकाचा गाभा साधा होता. एका उन्हाळ्यात मंगोलांनी या लोकांना हरवलं आणि त्या धसक्याने सगळी टोळी हिवाळ्यात आपली कुरणं सोडून नदीपलीकडे पळाली. याला आधार एकच होता, दूरच्या शहरातल्या मठात एका पाद्र्याने लिहिलेली बखर. तिच्यात लढाई आणि नदी ओलांडणं, दोन्ही एकाच वर्षात होतं. नऊच्या नऊ प्रकरणं त्या पळण्यावर उभी होती.

शेवटी फक्त कालपट लावायचा राहिला. तो लावताना मी सहज विचारलं, "सर, हे वर्ष कोणाचं? किपचाकांचं की पाद्र्याचं?"

मला कॅलेंडरांमुळे ही सवय लागली आहे. शेजारच्या भांडीवाल्या शेठचं वर्ष दिवाळीला बदलतं, माझं गुढीपाडव्याला. शेठच्या वर्षात थंडी आधी येते आणि उन्हाळा नंतर. माझ्या वर्षात उलटं.

त्या पाद्र्याचं वर्ष हिवाळ्याच्या तोंडावर सुरू व्हायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं किपचाकांत राहून ते त्यांच्यासारखेच वसंतापासून वर्ष मोजायला लागले होते. चहा तसाच ठेवून ते घरी गेले.

चौथ्या दिवशी आले. पाद्र्याच्या वर्षाप्रमाणे हिवाळा लढाईच्या आधीचा होता. टोळी लढाईपूर्वीच नदीपलीकडे गेली होती, कारण तिकडे चारा होता. पुढच्या उन्हाळ्यात हरले ते मागे राहिलेले थोडे लोक.

"वीस वर्षं मी त्यांना पळपुटे म्हणत आलो," सर म्हणाले. "त्यांच्या बाजूने बोलायला आता कोणी उरलेलं नाही गं. हे छापायचं नाही."

प्रकाशकाने एखादी तळटीप टाकून भागवू या असं सुचवलं. सरांनी त्याचे आभार मानले आणि हस्तलिखित परत आणलं. संध्याकाळी काकूंचा फोन आला. "तुला विचारायची काय गरज होती गं? आता हे पुन्हा पहिल्यापासून लिहिणार. त्यांच्याकडे तेवढा वेळ आहे का?"

मी गप्प बसले असते तर पुस्तक निघालं असतं. चुकीचं, पण सरांनी ते हातात धरलं असतं. मला याचं फार वाईट वाटतं.

सरांची दोन प्रकरणं नव्याने लिहून झाली. शिवाय आपलं कुठे आणि कसं चुकलं, हे सांगणारा चार पानांचा लेख एका त्रैमासिकात आला. त्यानंतर सहा महिन्यांनी सर गेले.

जलदान विधीसाठी काकूंनी मला त्या लेखाची पुस्तिका करायला सांगितली. येणाऱ्या प्रत्येकाला एक द्यायची. मी केली, पण ती कोणी वाचेल असं मला वाटलं नव्हतं. काहींनी घडी घालून खिशात ठेवली, काहींनी वारा घेतला. जालन्याहून सरांचे थोरले चुलतभाऊ आले होते. सरांच्या वडिलांनी गाव सोडून विक्रोळीचा कारखाना धरला, तेव्हा गावातच राहिलेल्या घरातले. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, ओळीखाली बोट धरून त्यांनी चारही पानं वाचली. जेवायला चला म्हणून दोनदा बोलावणं आलं, ते उठले नाहीत. मग चष्मा काढून काकूंना म्हणाले, "मंजी ही मान्सं पळाली नव्हती?"

"नव्हती, भाऊजी," काकू म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली आणि शेजारी बसलेल्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं.