मरळीचं पोट, मामांचं पोट

मीनमामांनी जन्मात मासा खाल्ला नाही. पण माशाने काय खाल्लं होतं, हे त्याचं पोट उघडून ते बिनचूक सांगत. मीन म्हणजे मासा. हे नाव आम्हा भाचरांनी ठेवलेलं. आईचे हे धाकटे भाऊ तंजावुरात पोटविकारांचे डॉक्टर होते. सकाळी माणसांची पोटं, दुपारी माशांची. भेटणाऱ्याला ते "पोट कसं आहे?" असंच विचारत आणि उत्तर येईपर्यंत त्याचा हात सोडत नसत. एका लग्नात त्यांनी वरमाईलाही हे विचारलं. तिने पंगत थांबवून सविस्तर सांगितलं.

मासळीबाजारात मासेवाली सेल्वी त्यांच्यापुढे झकास मरळ धरी आणि मामा फक्त तिची आतडी मागत. "डॉक्टरय्या, मासा सोडून कचरा नेणारं गिऱ्हाईक तुम्हीच!" ती ओरडे. आतड्यांची पिशवी बोळातून थेट मागच्या पडवीत जाई. अंघोळ केल्याशिवाय मामांना स्वयंपाकघराचा उंबरा बंद, हा मामींचा कायदा.

"जगाची पोटं बघतात. माझं पित्त कोण बघणार?" मामी म्हणत.

"तुझं पित्त बघितलंय, गे. म्हणून तर पडवीत बसतो."

त्यांचे शोधनिबंध टाईप करायचं काम माझ्याकडे होतं. मी शाळेच्या ऑफिसातली बाई. ज्या डब्यावर चिठ्ठी नाही तो डबा मला दिसतच नाही. छापून आलेल्या निबंधांच्या मी दोन सुबक फायली केल्या. माणसांची निळी, माशांची हिरवी. पुढच्या रविवारी पाहते तर मामांनी सगळे कागद पुन्हा एकत्र कालवलेले.

"हे काय, मामा?"

"कलेक्टरअम्मा, पोट एकच आहे. तू त्याचे दोन तालुके केलेस."

तालुके मी एकटीनेच केले नव्हते. डॉक्टरमंडळी त्यांना मासेवाले समजत आणि मत्स्यशास्त्रवाले डॉक्टर. परिषदांमध्ये दोन्हीकडे कॉफी मिळे, खुर्ची मिळत नसे. मामांना त्याचं काही वाटत नसे. कॉफी मात्र ते दोन्हीकडे पीत.

निवृत्तीनंतर मामांच्याच जठराचं ऑपरेशन झालं. घरी आले ते निम्मे होऊन. टाके भरत आले, पण अन्नावरची वासनाच गेली. घास पाहिला की तोंड फिरवत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आठवडाभरात खाणं सुरू झालं नाही, तर पुन्हा भरती करून नळी घालावी लागेल." मामी देवघरात जाऊन बसल्या. मी रजा टाकली आणि कामाला लागले.

माझं काम म्हणजे तक्ता. सकाळी कंजी म्हणजे तांदळाची पेज, मग ताक, मग मऊ भात, मग फळांचा रस; प्रत्येकापुढे वेळ आणि खूण करायला चौकोन. तो खाटेसमोर चिकटवला आणि घड्याळ लावून वाट्या पुढे करत राहिले. दुपारपर्यंत सगळे चौकोन भरले आणि सगळं अन्न उलटून पडलं. चादर बदलताना मी नव्या तक्त्याचा विचार करत होते, यावरून माझी प्रकृती ओळखावी.

"मरळीचा निबंध तूच टाईप केलास ना?" मामांनी क्षीण आवाजात विचारलं.

"हो. त्यातला मोठा तक्ता पानात बसत नव्हता. मीच बसवला."

"आत काय होतं?"

मला समास आठवत होते. मजकूर नव्हता.

"कालवे आटले की मरळ चिखलात उपाशी पडून राहते," मामा थांबत थांबत म्हणाले. "तिचं आतडं आखडतं. आम्ही टाकीत आणून पोटभर घातलं, तर मेल्या. मग दुसऱ्यांना चिमूटभर घातलं आणि गप्प बसलो. आपण होऊन वर येईपर्यंत."

"आणि?"

"जगल्या. पुढे पेशंटांना तसंच घातलं. तेही बरे झाले. तू मात्र माझी टाकी भरायला निघालीस."

मी तक्ता काढला. चमचा खाली ठेवला. खरं तर मामींनी तो माझ्या हातातून काढून घेतला. मग थांबणं आलं. रिकाम्या हातांनी नुसतं बसण्याचं शिक्षण मला कोणत्याही शाळेत मिळालेलं नाही. मी उशा सारख्या केल्या, औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या. शेवटी मामी म्हणाल्या, "तू बाहेर जाऊन तुळशीला पाणी घाल. पुरे झालं म्हणेपर्यंत घाल."

दुसऱ्या दिवशी मामी स्वतःचा दहीभात आणि नारत्तंगायचं, म्हणजे महाळुंगाचं लोणचं घेऊन खाटेपाशी जेवायला बसल्या. मामांकडे बघितलंसुद्धा नाही. बराच वेळ गेला.

"मला नाही का?" मामा म्हणाले.

"मागितलंत कुठे?"

"आता मागतोय."

मामींनी बोटाच्या पेराएवढा भात कालवून त्यांच्या जिभेवर ठेवला आणि पान मागे ओढलं. मी दारातून हलले नाही. भात आत राहिला. संध्याकाळी मामांनी पुन्हा मागितलं.

पोंगलच्या दिवशी ते पाटावर बसून जेवले, आणि गोड पोंगलात काजू कमी पडले म्हणून मामींशी भांडले. उन्हाळ्यात दुखणं उलटलं आणि या वेळी कुणाचंच काही चाललं नाही. शेवटच्या दुपारी त्यांनी रसम मागितलं. मामींनी चमच्याने पाजलं. "मिरे चांगले उतरलेत, गे," म्हणाले आणि डोळे मिटून पडले.

मामा उपाशी गेले नाहीत.