हिला हात लावू नये

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात जेवताना ताई म्हणाल्या, "मला टॅरँटुला पाळायचाय." माझ्या नवऱ्याला वाटलं, कुत्र्याची एखादी नवी जात असेल. तो म्हणाला, "पाळ की. फक्त केस गळणारा आणू नकोस." मी शाळेत गणित शिकवते, पण आमच्या जीवशास्त्राच्या बाई भिंतीवर काय काय चिकटवतात ते रोज बघते. त्यामुळे टॅरँटुला म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी, हे मला माहीत होतं. माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला. तो काढायचंही मला सुचलं नाही.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात. चौतीस वर्षं इस्पितळात नर्स, त्यातली शेवटची एकोणीस अशा वॉर्डात, जिथून घरी परत जाणारे अगदी थोडे. गल्लीतले सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्या वॉर्डात औषधांपेक्षा मोठं काम एकच. ज्यांना हलता येत नाही त्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. ही सवय ताईंच्या हातांत इतकी मुरलेली, की एकदा माझा नवरा सोफ्यावर उताणा घोरत पडला होता, तेव्हा ताई टीव्हीकडे बघत बघतच त्याच्यापाशी गेल्या, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घातला, त्याला डाव्या कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली आणि परत येऊन बसल्या. मी विचारलं, तर म्हणतात, "काय केलं मी?" घोरणं थांबतं म्हणून मीही कधी तक्रार केली नाही.

कोळ्याबद्दल मात्र मी घर डोक्यावर घेतलं. पाल दिसली तरी मी स्टुलावर चढणारी बाई. "ताई, कुंड्या लावा, प्रवास करा, हवं तर पोपट आणा. हे कसलं खूळ?" ताईंनी शांतपणे ताट उचललं. "तुला हात लावायला कोण सांगतंय?"

शेवटी मीच त्यांना स्कूटरवर घेऊन गेले, कारण ताईंना स्कूटर येत नाही आणि नवरा ऐन वेळी कुठेतरी गडप झाला. कोळी वाढवणारा माणूस म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. त्यांच्या मागच्या खोलीत छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर भोकं पाडलेल्या पारदर्शक पेट्या, आणि प्रत्येक पेटीत आठ पाय. मी एक पाय उंबऱ्याबाहेरच ठेवला. बोबडी वळली होती, त्यामुळे दीड तासात माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. माझे विद्यार्थी हे खरं मानणार नाहीत.

मास्तरांनी टेबलावर चार पेट्या मांडल्या. पहिलीत पेटलेल्या निखाऱ्यासारखा केशरी कोळी. मी डोळे मिटून उघडेपर्यंत तो पेटीच्या या टोकाचा त्या टोकाला पोचला होता.

"हा नुसता बघा," मास्तर म्हणाले. "अतिशय चपळ, अतिशय रागीट. चावला तर पुढचे तीन-चार दिवस तुम्ही कण्हत काढाल. पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी हा देत नाही. कितीही विनवण्या करा."

दुसरा झाडावर राहणारा, काळा, पायांची टोकं गुलाबी, जणू नेलपॉलिश लावलंय. तिसऱ्याच्या काळ्या पायांवर लालभडक गुडघे. आणि चौथी एक मादी, तपकिरी, अंगभर कुरळे केस, झोपेतून उठून विंचरायला विसरलेली. ती जागची हललीही नाही.

ताईंनी चष्मा वर केला आणि प्रत्येक पेटीवर बोट ठेवून एकच प्रश्न विचारला. "हा मरतो कशाने?"

रंग, खाणं, चावणं यांबद्दल सगळे विचारतात, हे मास्तरांना कुणी विचारलं नसावं. पण त्यांनी सरळ उत्तरं दिली. गुलाबी पायांचा कोंदट हवेनं मरतो, ओल आणि वारा यांचा मेळ नवख्याला जमत नाही. लाल गुडघ्यांचा चिवट असतो, पण तो नर होता. नर वयात आला की वर्ष-दोन वर्षांत संपतो. केशरी सहसा मरत नाही, समोरच्यालाच दवाखान्यात पाठवतो.

"आणि ही?"

"ही? ही उंचावरून पडली नाही, तहानली नाही आणि तुम्ही उगाच लुडबुड केली नाहीत, तर मरत नाही. आता पाच वर्षांची आहे. अजून वीस काढेल. चिडली तर मागच्या पायांनी केस उडवते, अंगाला खाज सुटते, बस. पण बाई, हे कुत्रं-मांजर नव्हे. हिला माया कळत नाही. कमीत कमी हात लावणारं माणूस हवं."

ताईंचं वय अठ्ठावन्न. अठ्ठावन्न अधिक वीस. मी गणित मनात मांडलं तेवढ्यात ताई म्हणाल्या, "हीच द्या. मला असं कुणीतरी हवंय, जे माझ्या हातात मरणार नाही."

त्या इतक्या साध्या आवाजात बोलल्या, की मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. एकोणीस वर्षं या बाईचा डबा मी भरला आणि संध्याकाळी आल्यावर मुकाट्यानं घासायला घेतला. आज किती गेले, हे एकदाही विचारलं नाही. मला माझीच लाज वाटली. मास्तरांनी एक कागद पुढे केला, ताईंनी तो भरून सही केली. मी तोवर बाहेर स्कूटर सुरू करत होते, कारण पेटी आता माझ्याच मागे बसून येणार होती.

मास्तरांचं सूचनांचं पत्रक ताईंनी खोलीच्या दारामागे लावलं. पहिलीच ओळ ठळक: हिला हात लावू नये. खाली बाकीचं. आठवड्याला दोन रातकिडे. पाण्याची वाटी भरलेली. कात टाकायच्या आधी खाणं सोडेल, घाबरू नये. कात टाकताना उताणी पडेल, मेली समजू नये, पेटी हलवू नये. ताईंना ते तोंडपाठ होतं. शेजारी त्यांनी स्वतः आखलेला तक्ता, वॉर्डातल्यासारखा: तारीख, खाणं, पाणी, हालचाल. हालचालीखाली पाच महिने बहुतेक 'नाही' असंच लिहिलेलं.

पाच महिने ताईंनी तिला बोट लावलं नाही. मीसुद्धा हळूहळू दारापर्यंत, मग खुर्चीपर्यंत पोचले. मग तिनं खाणं सोडलं. पाठीवर केस झडून पडलेला टकलाचा ठिपका काळा पडला. ताई खुशीत होत्या. "कात टाकणार बघ," म्हणायच्या.

रविवारी सकाळी सहाला वरून किंकाळी आली. एवढी मरणं बघितलेल्या या बाईला ओरडताना मी कधी ऐकलंच नव्हतं. मी धावत वर गेले. ताई पेटीसमोर गुडघ्यांवर बसलेल्या, झाकण जमिनीवर, दोन्ही हात हवेत धरलेले.

"मी तिला वळवलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उताणी होती. मी उठले, बघितलं आणि वळवलं. अगं, मला माहीत होतं. सगळं पाठ होतं. हात आधी गेले."

पेटीत ती एका अंगावर कलंडली होती. पाठीची जुनी कातडी फाटलेली, आतून फिकट, ओलसर काहीतरी डोकावत होतं, आणि ते थांबलं होतं. ताईंचा चेहरा पांढराफटक. आपल्याच हातांकडे त्या दुसऱ्या कुणाचे असावेत तशा बघत होत्या. मग तेच हात पुन्हा पेटीकडे निघाले. मी मनगट पकडलं आणि दुसऱ्या हातानं मास्तरांना फोन लावला.

मास्तर आधी इतके ओरडले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "परत उताणी करू नका! फुंकर नको, पाणी नको, काही नको! आता जे करायचं ते तिचं तिला करू द्या." मग जरा थांबून, "तुम्ही कोण बोलताय?"

"मी भावजय."

"म्हणजे कागदावरच्या तुम्हीच. 'माझ्यानंतर सांभाळणार' इथं तुमचं नाव आहे. मग ऐका. त्यांचे हात धरून बसा. कितीही तास लागू देत."

मी चाट पडले. माझं नाव? स्टुलावर चढणाऱ्या बाईचं? पण भांडायला ती वेळ नव्हती. मी जमिनीवर बसले आणि ताईंचे दोन्ही हात माझ्या मांडीवर दाबून धरले. दर थोड्या वेळानं ते पेटीकडे ओढ घ्यायचे आणि मी मागे ओढायचे. माझा नवरा दारात आला, आ वासून उभा राहिला, आणि चहा ठेवायला खाली गेला.

पहिला तास काहीच घडलं नाही. ताई पुटपुटल्या, "गेली. हीसुद्धा." मला रडू फुटलं. ज्या प्राण्याच्या नावानं मी घर डोक्यावर घेतलं होतं, त्याच्यासाठी! मग एक पाय हलला. कातडीतून अगदी थोडा सरकला आणि थांबला. पुन्हा सरकला. ती कलंडलेल्या अंगावरच, वाकडीतिकडी, स्वतःला ओढून काढत होती, आणि आम्हा दोघींनाही श्वास घ्यायचं भान राहिलं नव्हतं.

साडेनऊच्या सुमाराला ती बाहेर आली. शेजारी तिची रिकामी कात, अगदी तिच्यासारखीच, कुरळ्या केसांसकट. मी पाय मोजले. दोनदा मोजले. सात. आठवा कातीत अडकून तुटला होता.

मास्तरांना पुन्हा फोन लावला. आता ते शांत होते. "जगली ना? मग झालं. पुढच्या कातीला पाय परत येईल, थोडा बारीक. वर्ष-दीड वर्षं लागतील. दोन आठवडे खायला देऊ नका."

मी ताईंचे हात सोडले. मनगटांवर माझ्या बोटांचे लाल वळ उठले होते. ताईंनी ते चोळलेही नाहीत. दारामागच्या तक्त्यात तारीख लिहिली, हालचालीखाली 'हो' लिहिलं, आणि पेन मला दिलं.

"ताई, तुम्ही माझं नाव का दिलंत? मला विचारायचं तरी. मला भीती वाटते हो हिची."

"म्हणूनच तर दिलं," ताई म्हणाल्या. "तू हात लावत नाहीस."